फुलपाखराचं पान

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे टाकेमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, पण हजेरी घेणाऱ्यालाही ते वाचूनच आठवायचं. मावशीने शिवलेलं पुस्तक वाचणारा थकेल, पण टाका सुटणार नाही, असं खळ शिजवणारे काका म्हणत. हे काका कुणाबद्दल बरं बोलत नसत, त्यामुळे या बोलण्याला वजन होतं.

पुस्तक हातात आलं की मावशी त्याचं नाव वाचत नसे. आधी ते पालथं घाली, पाठीवरून अंगठा फिरवी, मधोमध उघडून किंचित दाबी आणि कान देऊन ऐके. नीट शिवलेलं पुस्तक मुकाट्याने उघडतं आणि गोंदाने चिकटवलेलं करकरतं, हे तिचं शास्त्र. चिकटवलेल्या पुस्तकाला ती पुस्तकच मानत नसे. "गोंद म्हणजे तोंडदेखलं प्रेम," ती म्हणे, "उन्हाळा आला की सुटतं." आत काय छापलंय ते बघायला सगळं जग बसलंय, आपण पाठ बघावी, असा तिचा हिशेब. या हिशेबावर तिचं आयुष्य चांगलं चाललं आणि याच हिशेबाने पुढे तिचा घात केला.

तिचा एकुलता एक मुलगा जहाजावर विजेची कामं करायचा. एका बंदरावर त्याचं जहाज दुरुस्तीला थांबलं, आणि जहाज दुरुस्त होऊन गेलं तरी तो तिथेच राहिला. तिथल्याच मुलीशी लग्न केलं. सून गोड, पण तिची भाषा स्पॅनिश. पुढे नात झाली, तीही स्पॅनिशच बोलू लागली. मुलगा कामावरून येईपर्यंत पोरगी झोपलेली असायची. तिला आपली भाषा शिकवायला त्याला वेळच झाला नाही. "पुढच्या वर्षी शिकवतो," म्हणायचा. आईला तिकडे न्यायचंही पुढच्याच वर्षी असायचं.

तरीही कुणाचं काही अडलं नव्हतं, कारण रविवार होता. इकडे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ, अशा वेळी फोनवर तिघं दिसायची. मुलगा मधे बसायचा, एका कानाने आईचं ऐकायचा आणि तोंडाने लेकीला सांगायचा. एकदा मावशी म्हणाली, "थांबा रे, पोटात कावळे ओरडताहेत, दोन घास खाऊन येते." ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. नातीने डोळे विस्फारून विचारलं, आजीच्या पोटात कावळे गेले कुठून? तेव्हापासून दोघींना नादच लागला. नात सांगायची, आमच्याकडे कुणी घोटाळा केला की त्याने पाय घातला असं म्हणतात. मावशी म्हणाली, "पाय घातलेला बरा. आमच्याकडे माती खातात." मुलगा हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

तो म्हणायचा, "आई, तू थोडी शिक ना ही भाषा. व्याकरणाच्या नादी लागू नकोस, नाहीतर बातम्या दिल्यासारखी बोलशील आणि पोरगी पळून जाईल. हे असलं शिक, रोजच्या बोलण्यातलं. ती सगळी म्हणींतच बोलते."

"मला काय करायचंय शिकून?" मावशी म्हणायची. "तू आहेस ना मधे."

आणि मग तो मधे राहिला नाही. कामावरून आला, जिना चढत होता, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलला आणि तिथेच कोसळला. सुनेने फोन केला तेव्हा मावशीला तिच्या रडण्यातलं एकही अक्षर कळलं नाही, आणि तरी सगळं कळलं. त्याला शेवटचं तिने फोनच्या काचेतूनच पाहिलं. ती काच पदराने पुसत राहिली, कारण तिला वाटलं काचेवरच काहीतरी आहे.

सून माणुसकीची. तिने रविवार मोडला नाही. पण आता फोनवर दोन टोकंच उरली. नात म्हणायची, "ओला, आबुएला." मावशी म्हणायची, "ओला, बाळा." ओला म्हणजे नमस्कार, आबुएला म्हणजे आजी, एवढं आलेलं होतं. मग दोघी हसायच्या, आणि हसणं संपलं की एकमेकींकडे बघत बसायच्या. नात हातातलं चित्र दाखवायची, मावशी आपल्या हातातलं अर्धं शिवलेलं पुस्तक दाखवायची. एकदा नातीने फुलपाखराचं चित्र दाखवलं आणि बोट ठेवून म्हणाली, "मारिपोसा." मावशीने ते शंभरदा घोकलं. कुणाच्या घरी मयत झाल्यावर माणसं फुलपाखरांबद्दल बोलतात का? पण या दोघींकडे दुसरं काही नव्हतं.

भाषांतर करणारं यंत्र फोनमध्ये होतंच. खळवाल्या काकांच्या सुनेने ते लावून दिलं. मावशी म्हणाली, "तुझ्या बापाच्या आठवणीने जीव तुटतो गं." यंत्राने तिकडे काय सांगितलं देव जाणे, पण नात घाबरून आईला म्हणाली, आजीला दवाखान्यात न्या. तेव्हापासून मावशीने यंत्राच्या नावाने कानाला खडा लावला. साधं वेळेचं, हवापाण्याचं ठीक आहे. पण म्हणी त्या पत्र्याच्या पोपटाला कळत नाहीत, हे तिने पक्कं ठरवून टाकलं.

तिला एकच हवं होतं. त्या पोरीजवळ बापाबद्दल बोलायचं होतं. तो लहानपणी कसा होता, कशाला भ्यायचा, कुठे हसायचा, हे सांगणारं आता जगात दुसरं कुणी नव्हतं. आणि पोरगी रडली, तर मी आहे, रड माझ्याजवळ, एवढं तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. ते झालं नाही तर मुलगा एकदा जिन्यात गेला आणि दुसऱ्यांदा या फोनच्या गप्पपणात जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेली. कारखान्याच्या मागच्या गल्लीत ते दुकान, आणि दुकानदाराला सगळे पंडित म्हणत. तो पंडित वगैरे काही नव्हता, फक्त पुस्तकं विकता विकता त्याला सगळ्याची सुरुवात ठाऊक झाली होती, शेवट कशाचाच नाही.

"स्पॅनिश?" पंडित म्हणाला. "मावशी, या वयात?"

"वय माझं झालंय, जिभेचं नाही. म्हणींचं काही आहे का? घरात बोलतात तसलं?"

त्याने तीन पुस्तकं काढली. मावशीने तिन्ही पालथी घातली. पहिलं जाडजूड, सुताने शिवलेलं, कापडी पाठ, उघडलं तर हूं की चूं नाही. दुसरं नवंकोरं, गुळगुळीत, वर चष्मा लावलेल्या पोराचं चित्र. तिसरं बारीकसं, ओल लागलेलं, गोंदाने चिकटवलेलं. हात लावताच करकरलं.

पंडित तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "घरात बोलतात ते यात आहे. आई पोराला काय म्हणते, मैत्रिणी भांडतात कशा, सगळं. डाव्या पानावर त्यांचं, आपल्या अक्षरात लिहिलेलं, आणि समोरच्या उजव्या पानावर आपला अर्थ, ओळीला ओळ. हेच घ्या."

"हे?" मावशीने ते दोन बोटांत उचललं. "हे घरी पोचेपर्यंत तरी टिकेल का?" आणि तिने कापडी पाठीचं जाडजूड घेतलं. पाठ भक्कम तर मजकूर भक्कम, दुसरं काय?

महिनाभर ती काम करता करता पुटपुटत होती. खळवाले काका म्हणाले, मावशीला लागलंय काहीतरी. मग एका रविवारी तिने छातीवर हात ठेवून नातीला म्हटलं, "बेसो आ उस्तेद ला मानो." आपल्या हाताचं चुंबन घेते, असा त्याचा अर्थ. नात हसत सुटली. सुनेने यंत्रातून लिहून पाठवलं: "तलवारीच्या सिनेमात असे बोलतात. खूप जुने. पण सुंदर." मावशीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला रडू आलं. ती भिंतीवरच्या मुलाच्या फोटोला म्हणाली, "बघ, तुझ्या लेकीपुढे मी राजवाड्यातली म्हातारी झाले."

मग चष्म्यावाल्या पोराचं आणलं. ते तरुणांचं निघालं. त्यातलं एक छानसं, तुटक वाक्य तिने नातीला ऐकवलं. सुनेचा चेहरा असा झाला की मावशीने जन्मात विसरू नये. त्या वाक्याचा अर्थ इथे सांगण्यासारखा नाही. पुस्तकात त्यापुढे 'मित्रांमध्ये' एवढंच लिहिलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

शेवटी तिने नाक मुठीत धरून तिसरं मागितलं. पंडितने ते जपून ठेवलं होतं. "सांगत होतो ना?" असं तो म्हणाला नाही, पण म्हणाल्यासारखा उभा राहिला.

घरी येऊन मावशीने ते उघडलं मात्र, आणि पानं पिकून झडावीत तशी मांडीवर गळली. तिला बरंच वाटलं. सुटलेलं पुस्तक म्हणजे तिचा प्रांत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने पानं चळतीने लावली आणि कटिंग मशीनवर तिन्ही कडा साफ करून घेतल्या, कारण ओलीने कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. पानांचे आकडे अगदी खालच्या कोपऱ्यात छापलेले होते. ते कातरलेल्या पट्ट्यांबरोबर टोपलीत गेले. तिने पाहिलं, पण चळत क्रमाने लावलेली होती, मग काळजी कसली?

सुटी पानं टेबलावर असताना पंखा लावायचा नाही, हा कारखान्याचा पहिला नियम. नव्या बायकांना मावशीच तो शिकवायची. पण त्या दिवशी उकाडा भयंकर होता, कपाळाचा घाम पानावर पडेल म्हणून ती मागे सरली, आणि पंखा लावणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, तिचाच होता. मधलीच एक गड्डी उडाली. तिने पटापट पानं वेचली. तरीही ती घाबरली नाही, कारण ओलीचा डाग होता ना! तो डाग पुस्तकभर पसरलेला, पानागणिक थोडा थोडा लहान होत गेलेला. तिने डागाला डाग लावून पानं जुळवली, सांधा दिसेना इतकी नेमकी. मग मेण लावलेल्या दोऱ्याने आरपार शिवलं, पुठ्ठा चढवला, शिकंज्यात घातलं. बाहेर आलं तेव्हा ते पुस्तक इतकं देखणं दिसत होतं की खळवाले काका म्हणाले, "आत काहीही असो, वाचावंसं वाटतं." दोन पानांचे डाग जुळ्या भावांसारखे होते आणि त्या दोघांनी जागा बदलल्या होत्या, हे काकांना दिसलं नाही आणि मावशीलाही नाही.

आता तिची पाठांतराची गाडी सुसाट निघाली. डावीकडची ओळ, उजवीकडचा अर्थ. आणि एका पानावर तिला हवी होती ती ओळ सापडली. डावीकडे होतं: "आ ओत्रा कोसा, मारिपोसा." समोर उजवीकडे त्याच ओळीत होतं: "रड हवं तेवढं, मी आहे ना तुझ्याजवळ." मावशीने ओळीवर बोट ठेवलं. मारिपोसा! म्हणजे फुलपाखरा! पोरीच्या चित्रातलंच फुलपाखरू. कुणीतरी आपल्यासाठीच हे पुस्तक लिहिलंय असं तिला वाटलं. तरी एकदा शंका नको म्हणून तिने यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, "दुसऱ्या गोष्टीकडे, फुलपाखरू." मावशी खो खो हसली. "बघा, पोपट परत बरळला!" ती काकांना म्हणाली. "तेव्हा मला दवाखान्यात धाडत होता, आता हे."

मुलाला जाऊन वर्ष झालं, तो दिवस नेमका रविवारी आला. फोन लागला तेव्हा नात बापाचा निळा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. सून मागे उभी होती. वर्षभरात पोरगी आजीसमोर कधी रडली नव्हती. त्या दिवशी तिने स्वेटरची बाही उचलून काचेला लावली, काहीतरी बोलली, "पापा" एवढा शब्द कळला, आणि तिचा बांध फुटला. हुंदक्यांनी तिचे इवले खांदे वरखाली होऊ लागले.

मावशीचं तोंड तयार होतं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि सगळं प्रेम आवाजात आणून म्हणाली, "आ ओत्रा कोसा, मारिपोसा." पोरगी एकदम थांबली. मावशीने पुन्हा म्हटलं, हळू, थोपटल्यासारखं. पोरीने आईकडे मान वळवून पाहिलं. सुनेने हात तोंडावर नेला आणि मग काढला. नातीने नाक पुसलं, स्वेटरची घडी घातली आणि मान हलवून म्हणाली, "सी, आबुएला." हो, आजी.

रडणं थांबलं! मावशीला वाटलं, आपण जिंकलो. वर्षभरात ती पहिल्यांदा पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने सगळ्यांना ती ओळ शिकवली. छापील फर्म्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका दिवसभर एकमेकींना म्हणत होत्या, "आ ओत्रा कोसा, मारिपोसा," आणि मावशी सांगत होती, "असं नाही गं, मायेने म्हणायचं."

पुढच्या रविवारी पोरगी हसरी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. मावशीने मुलाच्या लहानपणाचा फोटो दाखवला तर तिने पाहिला आणि लगेच स्वतःची नवी वही दाखवली. बापाचा निळा स्वेटर दिसेनासा झाला. मागच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, तिथे आता मुलीचं पोहण्याचं पदक होतं. मावशीने "पापा" म्हटलं की पोरगी नुसती गोड हसायची. मावशीला काहीतरी टोचू लागलं. कुठे, ते कळेना.

ते कळलं पंडितच्या दुकानात. "मावशी, तुमचं ते पुस्तक आणखी एक आलंय," तो म्हणाला. "कोरं आहे, कुणी उघडलेलंसुद्धा नाही. नातीला पाठवा, ती तिकडून वाचेल, तुम्ही इकडून." मावशीने ते सवयीने पालथं घातलं, मधोमध उघडलं, दाबलं, कान दिला. मग काय झालं कुणास ठाऊक, जन्मात पहिल्यांदा तिने दुकानातच पाठ सोडून मजकूर पाहिला. फुलपाखराची ओळ डोळ्यासमोर होती. समोर उजव्या पानावर लिहिलं होतं: "पुरे झालं ते, आता दुसरं काही बोला."

तिने पान उलटलं. पुढे, त्याच ओळीत, होतं: "आकी मे तिएनेस." आणि समोर: "रड हवं तेवढं, मी आहे ना तुझ्याजवळ."

"मावशी, बसा, बसा," पंडित स्टूल पुढे सरकवत म्हणाला. "चक्कर आली का?"

"पाणी द्या," मावशी म्हणाली.

तिला राग काढायलाही कुणी नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याने नीट लिहिलं होतं, छापणाऱ्याने नीट छापलं होतं, पत्र्याच्या पोपटानेसुद्धा खरं तेच सांगितलं होतं. माती खाल्ली ती एकट्या तिने, आपल्या हाताने, आपल्या हुन्नराने. पोरगी वर्षभराचं साठलेलं घेऊन आजीपुढे आली होती, आणि आजीने मायेने थोपटून तिला सांगितलं होतं, पुरे झालं तुझ्या बापाचं.

कोरं पुस्तक घरी नेऊन आठवडाभर मावशीने त्यातली एकच ओळ पाठ केली. "आकी मे तिएनेस." पाणी पिताना, दोरा ओवताना, रस्ता ओलांडताना. सुई तीनदा बोटात गेली. ती ठरवत होती, रविवारी फोन लागला की आधी हे, बाकी सगळं मग. चुकीचं काय झालं ते यंत्राला सांगायला लावीन, पायावर डोकं ठेवायचं तर काचेवर ठेवीन, पण हे मी माझ्या तोंडाने म्हणणार.

रविवारी फोन लागला. तिने श्वास घेतला, पण पोरगी आधीच फोन घेऊन पळत होती. सगळं घर हलत गेलं आणि एका फ्रिजपुढे थांबलं. फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. त्यावर मोठं, निळं फुलपाखरू काढलेलं, आणि खाली रंगीत अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. पोरीने बोट फिरवत मोठ्याने वाचलं: "आ ओत्रा कोसा, मारिपोसा." आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून अभिमानाने म्हणाली, "आबुएला." आजी म्हणाली आहे, म्हणून सही आजीची.

मग सून समोर आली. ती बोलत होती आणि यंत्र खाली अक्षरं उमटवत होतं. "आई, मला तुमचे आभार मानायचे आहेत. मी तिला हे सांगू शकत नव्हते. मला वाटत होते की त्याला विसरायला सांगणे पाप आहे. परंतु त्याची आई स्वतः म्हणाली. मुलगी आता झोपते. ती आता रडत नाही. आम्ही त्याचे कपडे दिले आहेत. रविवारी सकाळी तिचा पोहण्याचा वर्ग आहे, त्यामुळे आपण कधीकधी बोलू." आणि मग, थोडं थांबून, "तुम्ही फार धीराच्या आहात."

मावशीच्या जिभेवर ती ओळ होती. अगदी टोकावर. दात उघडले असते तर बाहेर पडली असती. समोर पोरगी ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून, फुलपाखराशेजारी उभी होती आणि तिचे डोळे कोरडे होते. आता हिला काय सांगायचं? की रड? झोपतेस ती झोपू नकोस? तुझ्या बापाचा स्वेटर परत आण, मी तसं म्हणालेच नव्हते?

"मुई बिएन," मावशी म्हणाली. छान, खूप छान. तेवढं तिला पहिल्या पुस्तकापासून येत होतं.

फोन बंद झाला. मावशीने काळी काच पदराने पुसली. मग भिंतीवरच्या मुलाकडे वळून तिने ती ओळ म्हटली, "आकी मे तिएनेस." उच्चार अगदी स्वच्छ आला. त्याला समजली असती, पण ती त्याच्यासाठी नव्हतीच. ती ढसाढसा रडली, आणि तिला कुणी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोरं पुस्तक परत द्यायला पंडितकडे गेली. आपल्या पुस्तकातली पानांची अदलाबदल तिने त्याला सांगितली, नातीचं नाही.

"अहो, परत कशाला?" पंडित म्हणाला. "हे चांगलं आहे, आकडे आहेत, पानं जागेवर आहेत. तुमचं ते जुनं टाका आणि हे ठेवा."

"नको. माझ्या घरात तेच चालतं आता."

पंडितला काही कळलं नाही. त्याने पुस्तक फडक्याने पुसलं आणि कपाटात सरकवलं. मग माणसाने काहीतरी विचारावं म्हणून विचारलं, "बोलणं जमायला लागलं ना पण नातीशी?"

"जमलं की," मावशी म्हणाली. "एकच वाक्य बोलले. तिने पाठ करून ठेवलंय."